चांगला कान

बल्ब बंद कर, बाबा म्हणतात.
उजेडात लोखंड खोटं बोलतं.

डिचोलीच्या बाजारामागे आमची लोहारसाळ.
इथे आडोळ्या होतात, कोयते होतात,
माडावर चढणाऱ्यांच्या काती होतात,
आणि गेली चार वर्षं, गिऱ्हाइकं घरी गेल्यावर,
होत नाही ती एक गोष्ट.

बाबा तेव्हा वीस वर्षांचे.
खाणीवरचा जपानी साहेब
मूठ सैल झालेली सुरी ठेवून गेला,
उद्या नेतो, असं बोटांनी सांगून.
बार्जी भरभरून मांडवीतून मुरगावला गेल्या,
पाळ्याचा डोंगर खाली बसला,
खड्ड्यात हिरवं पाणी साठलं,
साहेब आला नाही.

सुरीच्या धारेलगत एक पांढुरकी लाट होती.
बाबांना वाटलं, डाग.
परसातली बिंबली चिरून त्यांनी घासली.
घासावी तशी लाट वर येत गेली.
मग घाबरून तेल लावलं, फडक्यात गुंडाळली.
अजून कधी काढतात, नाकाशी धरतात,
म्हणतात, ही आपलीच माती, पाळ्याची.
मी खोडत नाही.

मोरजीच्या किनाऱ्यावर ओहोटीला
काळ्या वाळूच्या रेघा उमटतात.
रिक्षाच्या फुटक्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून
मी त्या रेघांवरून फिरायचे.
लोक विचारायचे, काय हरवलं?
अंगठी, मी सांगायचे.
दोघेतिघे तर शोधायलाही लागले.

तीन गोणी वाळू, करवंट्यांचा कोळसा,
एक अख्खी रात्र भात्यापाशी.
सकाळी भट्टी फोडली तर आत
सोललेल्या नारळाएवढा एक कुरूप गोळा,
आणि त्यातलं कामाचं तेवढं, मूठभर.
ते तापवायचं, पेंढ्याची राख फासायची,
चिखल ओतायचा, ठोकायचं, दुमडायचं,
पुन्हा तापवायचं.
अकराव्या घडीनंतर मी मोजणं सोडलं.
बाबांनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं होतं,
कापणार काय ह्यानं?
मला अजून सुचलेलं नाही.

बाक हातोडीनं येत नाही,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पातं सरळच घडवायचं.
वारुळाची माती पाठीवर जाड, धारेवर पातळ,
आणि पाण्यात घालायचं.
वाकवतं ते पाणी.
नाहीतर तडकवतं.

ऐरणीनं बाबांचा डावा कान पुरता खाल्ला, उजवा अर्धा.
आईची हाक त्यांना ऐकू येत नाही,
दारातला टेम्पो ऐकू येत नाही,
पण पाण्याखाली ती बारीकशी
टिण
त्यांनी प्रत्येक वेळी माझ्याआधी ऐकली.
गेली, म्हणायचे, आणि चहा मागायचे.
पाच गेल्या.
तिसरीच्या तुकड्याची मी आडोळी केली.
आईनं पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं,
आणि तेव्हापासून ती आडोळी
दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही.

आज सहावी.
पिंपात विहिरीचं पाणी आहे,
हात घातला की मनगटाला कळेल न कळेल इतकं कोमट.
बाहेर फेस्ताचे फटाके थांबलेत.
कोळशात पातं लाल होतं,
मग पिकल्या भिरंडीचं,
मग भिरंड संपून सुपारीचा रंग
नुकता कुठे सुरू होतो तिथे
तो क्षण आहे, म्हणतात बाबा,
त्याला नाव नाही, म्हणून तो चुकतो.

मी काढते.
अंधारात एवढीच एक रेघ,
आणि तिच्या उजेडात दिसतं :
सोयरू मेस्त स्टूल सरकवून
चांगला कान
पाण्याकडे करून बसलेत.